कलावंताचा सातबारा : कोवलमच्या रस्त्यावरील काही नोंदी

कोवलम म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे केरळमधला समुद्रकिनारा येतो. या लेखातले कोवलम ते नव्हे. हे चेन्नईच्या दक्षिणेला, शहराच्या मध्यापासून सुमारे ४० किलोमीटरवर, आपण ज्याला महाबलीपुरम म्हणतो त्या मामल्लपुरमच्या वाटेवरचे कोळ्यांचे गाव. इंग्रजी दप्तरात त्याचे नाव कोव्हलाँग. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑस्टेंड कंपनी नावाच्या, आज कोणाच्या स्मरणातही नसलेल्या एका युरोपीय कंपनीची वखार येथे होती. कर्नाटकच्या नवाबाने त्याला सादतबंदर असे नाव दिले आणि १७५२ मध्ये क्लाइव्हने येथला किल्ला फ्रेंचांकडून घेतला. आज गावात एक दर्गा आहे, एक चर्च आहे, देवळे आहेत, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या आहेत आणि सुट्टीच्या दिवशी चेन्नईहून येणाऱ्या मोटारींची रांग आहे. प्रशासनाच्या नकाशावर हे गाव चेन्नई महानगरपालिकेत नाही. २०१९ मध्ये निर्माण झालेल्या चेंगलपट्टू जिल्ह्यात ते मोडते.

शहराच्या हद्दीबाहेरच्या या गावापासून आधुनिक नगरातील राजकारण आणि कला यांच्या चर्चेला आरंभ करावा याचे कारण तेथे जाणारा रस्ता. चेन्नईहून निघालेला पूर्व किनारा रस्ता तिरुवान्मियूरच्या ‘कलाक्षेत्रा’जवळून निघतो, इंजंबाक्कमला चोळमंडल कलाग्रामावरून जातो, मुट्टुकाडूच्या खाडीपाशी ‘दक्षिणचित्र’ला स्पर्श करतो, कोवलमला येतो आणि पुढे मामल्लपुरमच्या दगडी शिल्पांपाशी पोहोचतो. एका रस्त्यावर इतक्या कलासंस्था ओळीने उभ्या असलेले दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. कामानिमित्त चेन्नईला जाणे झाले की शक्य तेव्हा मी या रस्त्याने एक फेरी मारतो. माझी बरीच सेवा महसूल खात्यात गेल्याने सवय अशी जडली आहे की कोणतीही इमारत पाहिली की प्रथम मनात येते : ही जमीन कोणाची? कोणत्या अटीवर मिळाली? कलेच्या इतिहासाची पुस्तके हा प्रश्न सहसा विचारत नाहीत. माझे मत असे झाले आहे की एखाद्या शहरात कला कशी वाढेल हे सांस्कृतिक संचालनालयात थोडे आणि जमिनीच्या दप्तरात पुष्कळ ठरते.

मागील काळात हे सर्वांना ठाऊक होते. तंजावरच्या भोसल्यांचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. १६७६ पासून १८५५ पर्यंत तेथे मराठी राज्य होते. दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारात ज्या चार बंधूंनी नृत्याच्या शिक्षणक्रमाची घडी बसविली, ते ‘तंजावर चतुष्टय’ म्हणून ओळखले जातात, आणि आजच्या भरतनाट्यमचा रंगमंचावरील क्रम त्यांच्याच मांडणीवर उभा आहे. अशा कलावंतांचा निर्वाह राजाश्रयावर, देवळाच्या उत्पन्नावर आणि इनाम जमिनींवर चाले. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले, कंपनी सरकारने राज्य खालसा केले आणि कलावंतांनी हळूहळू मद्रासची वाट धरली. मद्रासमध्ये राजा नव्हता. तेथे वकील होते, व्यापारी होते आणि सरकारी नोकर होते. त्यांनी सभा स्थापन केल्या, तिकिटे लावली. मद्रासच्या विख्यात म्युझिक अकादमीचा उगम १९२७ च्या काँग्रेस अधिवेशनासोबत भरलेल्या संगीत परिषदेत आहे. अकादमी १९२८ मध्ये सुरू झाली. म्हणजे ज्या संस्थेला आज शुद्ध कलेचे माहेर मानतात तिची पत्रिका राजकीय मंडपातच मांडली गेली. या स्थित्यंतरात कलावंताला श्रोता मिळाला, पण पायाखालची जमीन गेली. १९४७ च्या मद्रास कायद्याने देवदासी समर्पणाची प्रथा बंद केली. ते आवश्यकच होते. मात्र ज्या स्त्रियांच्या घरात ही विद्या पिढ्यान् पिढ्या होती त्यांच्या हातून ती निसटून इतरांच्या रंगमंचावर गेली, हेही त्याच काळात घडले. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ मध्ये स्थापन केलेले ‘कलाक्षेत्र’ हे त्या नव्या रंगमंचाचे प्रमुख पीठ. संसदेने १९९३ मध्ये स्वतंत्र कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला.

आता चोळमंडलकडे येऊ. या रस्त्यावरची मला सर्वांत जवळची वाटणारी संस्था हीच.

मद्रासची सरकारी कलाशाळा १८५० ची, म्हणजे मुंबईच्या जे. जे. पेक्षाही जुनी. १९२९ मध्ये देवीप्रसाद रॉयचौधुरी हे तिचे पहिले भारतीय प्रमुख झाले. मरीना किनाऱ्यावर दगड हलविणाऱ्या चार कामगारांचे जे शिल्प १९५९ पासून उभे आहे ते त्यांचेच. १९५७ मध्ये त्यांचे शिष्य के. सी. एस. पणिक्कर त्या पदावर आले. पणिक्करांपुढचा प्रश्न निव्वळ सौंदर्यशास्त्राचा नव्हता. सरकार दर वर्षी विद्यार्थी शिकवून बाहेर काढत होते, आणि चित्र विकत घेणारा मद्रासमध्ये जवळजवळ नव्हता. मुंबईला जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून होती, काही पारशी व युरोपीय ग्राहक होते. मद्रासची श्रीमंती संगीताच्या सभांत रमणारी होती. शिकलेली मुले कापडगिरणीत नक्षी काढण्याच्या नोकरीला लागत आणि चित्रकला मागे पडे.

पणिक्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाय काढला तो अगदी व्यवहारी. कलावंतांची एक हस्तकला संघटना उभारली. मुलांनी मोकळ्या वेळात बाटिकचे कापड, चामड्याच्या व धातूच्या वस्तू बनवायच्या, त्या विकायच्या, आणि चित्र काढण्याचे स्वातंत्र्य त्या पैशाने विकत घ्यायचे. बाटिकच्या प्रदर्शनातून जमलेल्या रकमेतून त्यांनी इंजंबाक्कमला समुद्राकाठची सुमारे दहा एकर रेताड जमीन घेतली. १९६६ मध्ये तेथे चोळमंडल कलाग्राम सुरू झाले. (इंग्रजीतील ‘कोरोमांडेल’ हे नाव याच चोळमंडलाचे रूप आहे.) त्या वेळी तेथे धड रस्ता नव्हता, वीज नव्हती, भोवती सुरूची झाडे आणि कोळ्यांची वस्ती. तिशीच्या आसपास संख्येने असलेल्या या कलावंतांनी झोपड्या बांधल्या, मग घरे, मग धातुकामाचे सामाईक कारखाने व चित्रदालन. पुढे नावारूपाला आलेले एस. जी. वासुदेव, के. व्ही. हरिदासन, एस. नंदगोपाल, जे. सुलतान अली, आणि १९७३ मध्ये अकाली गेलेले विलक्षण चित्रकार के. रामानुजम हे सारे या वाळूवरचे. अनुदान नाही, सवलतीचा भूखंड नाही, मंत्र्याच्या हस्ते उद्घाटनाची प्रतीक्षा नाही.

एक गोष्ट मला नेहमी गंमतीची वाटते. हे सर्व उभारताना पणिक्कर सरकारी अधिकारी होते; शाळेतून निवृत्त झाले ते १९६७ मध्ये. आजच्या एखाद्या प्राचार्याने विद्यार्थ्यांकडून वस्तू बनवून घेऊन विकल्या आणि त्या पैशाने जमीन घेतली, तर त्याच्या टेबलावर पहिला कागद येईल तो खुलाशाच्या नोटिशीचा. पणिक्करांच्या वरिष्ठांनी तिकडे काणाडोळा केला की त्यांना कौतुक वाटले, कोणास ठाऊक. पण शासनाने काही न करणे हीही कधीकधी मोठी मदत असते.

मराठी वाचकाला येथे मुंबईतल्या वांद्रे पूर्वची आठवण होईल. तेथे शेजारी-शेजारी दोन वसाहती आहेत, लेखकांचे ‘साहित्य सहवास’ आणि चित्रकारांचे ‘कलानगर’. काळ साधारण तोच. मार्ग वेगळा : महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्था आणि शासनाकडून मिळालेली जमीन. आपल्या राज्याचा तो स्वभावच आहे. साखर कारखाना असो की कविता, आपण प्रथम संस्था नोंदवितो. या मार्गाने मध्यमवर्गीय लेखकाला मुंबईत डोक्यावर छप्पर मिळाले, इमारतींना ‘झपूर्झा’सारखी नावे मिळाली, आणि हे थोडे काम नव्हे. मात्र ही घरे राहण्याची होती, काम करण्याची नव्हती. तेथे भट्टी नव्हती, सामाईक दालन नव्हते. चोळमंडलमध्ये घर आणि कारखाना एकाच कुंपणात होते. त्यामुळे ‘मद्रास चळवळ’ असे ज्याला म्हणतात तिचा पत्ता सांगता येतो. २००९ मध्ये त्याच आवारात तिचे संग्रहालयही झाले. ‘कलानगर’ हे नाव आज चित्रांसाठी कमी आणि ‘मातोश्री’साठी अधिक ओळखले जाते. बाळासाहेब ठाकरे व्यंगचित्रकार होते हे लक्षात घेतले तर तेही एका अर्थाने कलेतून राजकारण उगवल्याचेच उदाहरण ठरते!

चोळमंडलच्या यशानेच पुढचा प्रश्न उभा केला. ओसाड म्हणून स्वस्त मिळालेल्या वाळूशेजारून रस्ता रुंद झाला, टोलनाके आले, बंगले आले. १९६६ साली तरुण कलावंतांच्या गटाला जे जमले ते आज त्या किनाऱ्यावर कोणत्याही तरुण चित्रकाराला स्वप्नातही जमणार नाही. कलावंत प्रथम येतात, जागेला नाव येते, नावामागे भाव येतो, आणि पुढच्या पिढीच्या कलावंताला तो भाव परवडत नाही. न्यूयॉर्कच्या सोहो भागात हेच झाले. इंजंबाक्कमला ते नारळाच्या झाडांखाली झाले एवढाच फरक.

मुट्टुकाडूच्या ‘दक्षिणचित्र’ने या कोड्याचा वेगळा तोडगा काढला. डेबोरा त्यागराजन यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास क्राफ्ट फाउंडेशनने दक्षिणेतील राज्यांतून मोडकळीला आलेली जुनी घरे उतरवून, तुळईला तुळई लावून येथे पुन्हा उभी केली. आराखडा लॉरी बेकर यांचा, खुले झाले १९९६ मध्ये. चेट्टीनाडच्या व्यापाऱ्याचा वाडा, केरळातले सीरियन ख्रिस्ती घर, आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे इलकलच्या विणकराचे घर. आपल्या आजीच्या पेटीतले इरकली लुगडे ज्या गावातून आले ते हे गाव. शहराने ज्यांची जागा घेतली त्यांची घरे शहराच्या सीमेवर तिकीट लावून जपायची, ही कल्पना प्रथम थोडी उदास करते. परंतु तेथे कारागीर प्रत्यक्ष बसून काम करतात व माल विकतात, हे पाहिल्यावर ती उदासी ओसरते.

आता शासन स्वतः कलेत उतरते तेव्हा काय होते तेही पाहू. द्रविड चळवळ नाटक आणि चित्रपटांच्या खांद्यावरून सत्तेवर आली, त्यामुळे कलेची ताकद तिला आपल्या राज्यकर्त्यांपेक्षा अधिक कळत होती. जानेवारी १९६८ च्या जागतिक तमिळ परिषदेच्या वेळी अण्णादुराई सरकारने मरीनावर दहा पुतळे बसविले. त्यांत एकही राजा नाही. तिरुवळ्ळुवर, अव्वैयार, कंबन, भारती, भारतीदासन. तमिळची सेवा करणारे पोप, काल्डवेल आणि बेस्की हे तीन परदेशी पाद्री. आणि ‘शिलप्पदिकारम्’ची नायिका कण्णगी. भाषेलाच सिंहासनावर बसविण्याची ही कल्पना मला मनापासून आवडते. आपल्याकडे चौकाचौकांत पुतळे आहेत; त्यांत ज्ञानदेव वा केशवसुत किती, हे वाचकांनी मोजावे.

पण पुतळा शासनाचा असला की त्याचे नशीबही शासनाबरोबर बदलते. कण्णगीचा पुतळा २००१ मध्ये एका सरकारने हलविला, २००६ मध्ये दुसऱ्याने पुन्हा बसविला. करुणानिधींनी मनावर घेऊन बांधविलेले वळ्ळुवर कोट्टम पूर्ण झाले तेव्हा, १९७६ मध्ये, त्यांचे सरकार बरखास्त झालेले होते आणि उद्घाटनात त्यांना स्थान नव्हते. २०१० मध्ये त्यांनी नव्या विधानसभा इमारतीचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते करविले, तेव्हा घुमट अपुरा होता म्हणून चित्रपटांचे कलादिग्दर्शक तोट्टा तरणी यांच्याकडून तात्पुरता घुमट उभारून घेतला. पुढच्याच वर्षी सत्ता बदलली आणि त्या इमारतीचे रुग्णालय झाले. २००७ मध्ये सुरू झालेला ‘चेन्नई संगमम्’ हा महोत्सव, ज्यात पराई वाजविणारे आणि करगाट्टम नाचणारे ग्रामीण कलावंत प्रथमच शहराच्या उद्यानांत मानाने आले, तो २०११ नंतर बंद पडला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात त्या वादकांनी पोंगलला काय केले याची नोंद कोणत्या नस्तीत असेल? २००६ मध्ये तमिळ शीर्षक असलेल्या चित्रपटांना करमणूक कर माफ झाला, तेव्हा निर्मात्यांनी नावे बदलायला क्षणाचाही विलंब लावला नाही. कराची भाषा सर्व कलांना समजते.

परवानगीचे प्रकरण थोडक्यात सांगतो. एम. आर. राधा यांच्या रामायणावरील उपरोधिक नाटकामुळे मद्रास राज्याने १९५४ मध्ये नाट्यप्रयोगांच्या नियंत्रणाचा कायदा केला. त्याची मूळ प्रेरणा १८७६ चा ब्रिटिश कायदा. १९१० मध्ये ‘कीचकवधा’वर बंदी आली हे मराठी रसिक जाणतातच. १९५४ चा तो कायदा मद्रास उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला २०१३ मध्ये. म्हणजे नाटकातून सत्तेवर आलेल्या मुख्यमंत्र्यांच्या सर्व कारकिर्दी त्या कायद्यासह पार पडल्या. कोणाला तो रद्द करण्याची घाई झाली नाही.

आणि आता माझ्या खात्याचा शब्द. तमिळनाडूच्या महसुली दप्तरात ‘पोरंबोक’ अशी एक नोंद असते. ज्या जमिनीवर सारा बसत नाही, जी कोणा एकाची नाही, अशी गावाची सामाईक जमीन : तलाव, ओढा, चराई, स्मशान, समुद्राची वाळू. आपल्याकडील गायरान, गुरचरण यांची ही तमिळ भावंडे. सारा नाही म्हणजे किंमत नाही, अशी समजूत हळूहळू रूढ झाली आणि चेन्नईच्या बोलीत ‘पोरंबोक’ ही शिवी झाली, नालायक माणसाला देण्याची. २०१७ मध्ये कर्नाटक संगीतातील अग्रगण्य गायक टी. एम. कृष्ण यांनी ‘चेन्नई पोरंबोक पाडल’ या नावाचे गीत गायले. विषय होता चेन्नईच्या उत्तरेला एन्नोरच्या खाडीचा, औष्णिक विद्युत केंद्रांच्या राखेने भरत चाललेल्या पाणथळ जागेचा. शास्त्रोक्त राग, आणि शब्द रस्त्यावरच्या तमिळचे. ज्या कलेचे श्रोते डिसेंबरमध्ये अकादमीच्या वातानुकूलित सभागृहात बसतात, तिच्या तोंडी तलाठ्याच्या वहीतला शब्द आला. आयुष्यभर असे शब्द लिहीत आलेल्या माझ्यासारख्याला त्याचे काय वाटले हे शब्दांत सांगणे कठीण आहे. याच कृष्णांनी २०१५ मध्ये इतरांसह ऊरूर-ऑल्कॉट कुप्पम या कोळीवाड्यात संगीताचा उत्सव भरविला. २०२४ मध्ये त्यांना म्युझिक अकादमीचा सर्वोच्च सन्मान जाहीर झाला, तेव्हा काही गायक-गायिकांनी त्या वर्षीच्या महोत्सवावर बहिष्कार टाकला. शहरात कलेचे राजकारण जिवंत असल्याची ती खूण होती.

कोळीवाडे हेच या किनाऱ्यावरचे मोठे पोरंबोक. जाळी वाळविण्याची, होडी ओढण्याची वाळू कोणाच्या नावावर नसते. कोळ्यांच्या पिढ्यांचा वापर हाच तिचा हक्क. १९९१ च्या आणि पुढे २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनांनी मासेमारी गावांची दखल घेतली. २०११ च्या अधिसूचनेने तर कोळ्यांच्या सामाईक जागा नकाशावर दाखविण्यास सांगितले. वरळी वा माहीमचे कोळीवाडे ज्यांना ठाऊक आहेत त्यांना सीमांकनाच्या कामाचा वेग सांगायला नको. २०२३ मध्ये मरीनालगतच्या रस्त्यावरची मासळी विक्रेत्यांची दुकाने न्यायालयाच्या आदेशानंतर महापालिकेने काढली. नवी मंडई २०२४ मध्ये तयार झाली.

आणखी एक उदाहरण मला अस्वस्थ करते. नदीकाठच्या, किनाऱ्यालगतच्या झोपडपट्ट्यांतून हटविलेल्या हजारो कुटुंबांना २००० पासून शहराच्या दक्षिण टोकाला एका वसाहतीत नेण्यात आले. वसाहतीचे नाव कण्णगी नगर. रोजगारापासून दूर, बदनामीच्या जवळ. २०२० मध्ये तेथील इमारतींच्या भिंतींवर देशी-विदेशी चित्रकारांनी प्रचंड चित्रे काढली आणि चेन्नईचा पहिला ‘कला जिल्हा’ म्हणून तिचा गौरव झाला. चित्रे सुंदर आहेत. तेथल्या मुलांना आपल्या पत्त्याची लाज कमी वाटत असेल तर तेही मोलाचेच. मुंबईच्या ससून गोदीत २०१७ मध्ये असाच उपक्रम झाला, तेव्हा निदान मासळी सोलणाऱ्या बायका आपल्या जागेवर होत्या. राजाच्या अन्यायाविरुद्ध भर दरबारात पैंजण फोडणाऱ्या कण्णगीचे नाव विस्थापितांच्या वसाहतीला देताना संबंधित अधिकाऱ्याच्या मनात नेमके काय होते, हे विचारावेसे वाटते.

कोवलममध्ये २०१३ पासून लाटांवर स्वार होण्याचा, संगीताचा उत्सव भरू लागला. लाटा शिकविणारी मुले त्याच कोळीवाड्यातली. होडी चालविणाऱ्यांच्या घरात फळीने पैसा येऊ लागला, आणि तो बाहेरच्या कोणी वाटलेला नव्हता. २०२१ मध्ये येथील किनाऱ्याला स्वच्छतेचे आंतरराष्ट्रीय ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले. त्याबरोबर स्वच्छतागृहे आली, पहारेकरी आले, आखलेल्या पायवाटा आल्या. पुढे राज्य शासनाने शेजारच्या मुट्टुकाडूला भव्य आंतरराष्ट्रीय संमेलन केंद्र उभारण्याचे जाहीर केले. अशा प्रकल्पाच्या प्रस्तावाचा नमुना मला पाठ आहे. वाहनतळ किती, आसने किती, विजेचा भार किती, हरित पट्टा किती, असे रकाने त्यात असतात. चेंगलपट्टूतल्या एखाद्या पराई पथकाला त्या सभागृहाचे एका संध्याकाळचे भाडे किती पडेल, आणि त्या रात्री होड्या वाळूवर कोठे ओढायच्या, हे दोन रकाने त्यात कोणी घातले आहेत का, ते पुढच्या फेरीत पाहायचे आहे.